विचारा, सांगते : स्टार्टरचं हँडल का सुटलं?

जुलै उजाडला की माझ्या टपालाची जात बदलते. एरवी 'मुलाला कॉम्प्युटर घेऊ की ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम)' याच्यापुढे गाडी जात नाही. या दिवसांत मात्र इंजिनिअरिंग कॉलेजांत शिक्षकांच्या मुलाखती उरकतात, ऑर्डरी निघतात आणि नव्या मास्तरांची पत्रं येऊन पडतात. यंदा ती इतकी आली की हा अंक त्यांनाच देऊन टाकला. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, गावंही जिल्ह्यापुरतीच. 'तुम्ही कोण हो सांगणाऱ्या?' असं पुण्याच्या एका वाचकानं विचारलंय, त्यांच्यासाठी: बी.ई. इलेक्ट्रिकल झाले आणि त्याच वर्षी लेक्चरर म्हणून लागले. तेव्हा तेवढ्यावर लागता येत असे. पुढं एम.ई., पीएचडी सगळं यथावकाश झालं, पण निवृत्त होईपर्यंत मशिन्स लॅब काही सोडली नाही.

प्रश्न : मी एम.टेक. पॉवर सिस्टीम्स. पंधरा दिवसांपूर्वी खासगी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून जॉइन झाले. सेकंड इयरचं मशिन्सचं प्रॅक्टिकल माझ्याकडे दिलंय. डीसी शंट मोटरचा स्पीड कंट्रोल चालू होता. मुलं फील्ड रिओस्टॅट (फील्डमधला बदलता रेझिस्टन्स) वाढवत गेली, स्पीड वाढत होता, आणि अचानक स्टार्टरचं हँडल खटकन मागं आलं. मोटर बंद. 'मॅडम, काय झालं?' मी म्हटलं, 'सप्लाय गेला असेल.' मागून एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, ट्यूब चालू आहे.' सगळे हसले. तेव्हापासून लॅबला जायच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. लॅबचे मामा 'आधीच्या मॅडमना सगळं यायचं' असं मुलांसमोर म्हणतात ते वेगळंच. (नाशिक जिल्हा)

उत्तर : तुला अगं-तुगं करते, चालेल ना? माझ्या पहिल्या बॅचच्या मुलींच्या मुली आता तुझ्या वयाच्या आहेत.

आधी हँडलचं बघू. बाकी वाचकांसाठी एवढंच: स्टार्टर म्हणजे मोटर सुरू होताना रेझिस्टन्स घालून करंट आवरणारी पेटी, आणि फील्ड म्हणजे मोटरमध्ये चुंबकत्व तयार करणारं वाइंडिंग. तुमच्याकडचा स्टार्टर थ्री पॉइंट, म्हणजे तीन टर्मिनलांचा, असणार. त्यात हँडलला 'रन'वर धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉइल फील्डच्या सिरीजमध्ये असते. जो करंट फील्डमधून जातो तोच तिच्यातून जातो. मुलांनी फील्डमधला रेझिस्टन्स वाढवत नेला, फील्ड करंट उतरला, कॉइलची ओढ कमी पडली आणि स्प्रिंगनं हँडल मागं नेलं. वायरिंग बरोबर होतं, मोटरही ठणठणीत होती. थ्री पॉइंटची ती जन्मखोड आहे. म्हणून तर फोर पॉइंट स्टार्टर आला. त्यात नो-व्होल्ट कॉइल आपला वेगळा रेझिस्टन्स घेऊन थेट सप्लायवर बसते. मग फील्ड कमी केला तरी तिला फरक पडत नाही, हँडल जागेवर राहतं.

आता याच्यापुढचा प्रश्न, जो तो ट्यूबवाला मुलगा विचारणार आहे: मग सगळीकडे फोर पॉइंटच का लावत नाहीत? चालत्या मोटरच्या फील्डची वायर सुटली असं धर. मशीनमध्ये उरतो तो फक्त रेसिड्युअल फ्लक्स, म्हणजे लोखंडात मागं राहिलेलं थोडंसं चुंबकत्व. बॅक ईएमएफ (सप्लायला विरोध करणारं मोटरचं स्वतःचं व्होल्टेज) पडतो, आर्मेचरचा, म्हणजे फिरत्या भागाचा, करंट उसळतो आणि लोड नसलेली शंट मोटर पळत सुटते. पार आर्मेचरचं वाइंडिंग बाहेर फेकलं जाईपर्यंत पळते. थ्री पॉइंटमध्ये मात्र फील्ड तुटला की कॉइलही मेली, हँडल सुटलं, मोटर बंद. जी खोड म्हणून तू वैतागलीस, तीच इथं जीव वाचवते. फोर पॉइंटला हे संरक्षण नाही. हे दोन्ही फळ्यावर काढून दाखव, पुढच्याच प्रॅक्टिकलला. 'मागच्या वेळी मी सप्लाय म्हटलं होतं, ते तसं नव्हतं' एवढं वाक्य पुरे. माफी नको, भाषण नको. मुलं या गोष्टी आपल्याला वाटतात तितक्या लक्षात ठेवत नाहीत. उत्तर मिळालं नाही तर मात्र चार वर्षं लक्षात ठेवतात.

रात्री झोप न लागण्याला औषध एकच आहे. आठवड्याचा जो प्रयोग असेल तो मुलांच्या आधी स्वतःच्या हातानं पूर्ण करायचा. कनेक्शन स्वतः करायचं, रीडिंग स्वतः घ्यायचं, ग्राफही काढायचा. तुझं एम.टेक. सिम्युलेशनवर झालं असणार, आजकाल बहुतेकांचं तसंच होतं, त्यात कमीपणा नाही. पण सिम्युलेशनमधला वॉटमीटर कधी चुकीचा निवडला जात नाही. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट घेशील तेव्हा बघ. साधा वॉटमीटर लावलास तर काटा शून्याजवळच घुटमळतो, कारण नो-लोडला पॉवर फॅक्टर फारच कमी असतो. तिथं एलपीएफ, म्हणजे कमी पॉवर फॅक्टरचा, वॉटमीटरच हवा. शॉर्ट सर्किट टेस्टला डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) शून्यावर आहे का, हे सप्लाय देण्याआधी तुझ्या डोळ्यांनी बघायचं, मुलगा 'हो मॅडम' म्हणाला म्हणून नाही. रेटेड करंट यायला रेटेड व्होल्टेजच्या पाच-दहा टक्केच पुरतात. डिमरस्टॅट अर्ध्यावर राहिला असेल तर फ्यूज किंवा मीटर, दोन्हीपैकी एक गेलंच. आणि सीटीचं, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरचं, सेकंडरी प्रायमरीत करंट असताना उघडं सोडायचं नाही. हे वाक्य लॅबच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेव, शिकवायची वेळ येईल तेव्हा येईल.

मामांचं. ते बोलतात ते मला आवडलेलं नाही, मुलांसमोर तर मुळीच नाही. पण कुठल्या मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात, कुठला अँमीटर अर्धा अँपिअर कमी दाखवतो, कुठला जनरेटर सुट्टीनंतर व्होल्टेज बिल्डअप करत नाही आणि मग त्याचा फील्ड कसा फ्लॅश करायचा (बाहेरून करंट देऊन गेलेलं चुंबकत्व परत कसं आणायचं), हे त्या कॉलेजात त्यांच्याइतकं कुणालाही माहीत नाही, एचओडींनाही (विभागप्रमुखांनाही) नाही. 'मामा, मला उद्याचा प्रयोग एकदा करून बघायचाय, तुम्ही थांबाल का?' असं विचार. बहुतेक मामा थांबतात. त्यांना आजवर असं कुणी विचारलेलं नसतं.

बाकी कोर्स फाइल, सीओ-पीओ मॅपिंग, अटेन्डन्सचा सारांश, डिफॉल्टर लिस्ट हे सगळं लोक तुझ्या मागं लागून करून घेतीलच. लॅबसाठी मात्र तुझ्या मागं कुणी लागणार नाही, म्हणून ती आधी.

प्रश्न : कॉलेजात साडीच नेसावी असा तोंडी नियम आहे. मला रोज शक्य नाही. काय करू? (सातारा)

उत्तर : साडी की ड्रेस, हे तुमचं आणि प्राचार्यांचं. लेखी नियम दाखवा म्हणावं, बहुतेक ठिकाणी तो नसतो. लॅबपुरतं माझं ऐका: फिरत्या शाफ्टजवळ पदर खोचलेला, ओढणी पिन केलेली किंवा सरळ लॅबबाहेर ठेवलेली, वेणी आत, धातूच्या बांगड्या आणि घड्याळ पर्समध्ये. आणि पायात बंद बूट. पावसाळ्यात ओल्या चपलांनी मशिन्स लॅबमध्ये येणाऱ्या पोरांना बाहेर काढायचं तर आधी आपल्या पायात ते असायला हवेत.

प्रश्न : मुलाखत झाली, निवड झाली म्हणाले. ऑर्डरवर 'कन्सॉलिडेटेड' (भत्त्यांसकट एकठोक) असं लिहून एक आकडा आहे, मुदत अकरा महिने, आणि जॉइन होताना दहावीपासूनची मूळ सर्टिफिकेटं ऑफिसात जमा करायला सांगितलीत. वडील म्हणतात, नोकरी मिळतेय, जास्त चिकित्सा करू नकोस. (सोलापूर जिल्हा)

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा, आणि चिकित्सा करा.

मूळ सर्टिफिकेटं दाखवायची, पडताळून घ्यायची आणि त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणायची. साक्षांकित प्रती हव्या तितक्या द्या. जी संस्था मूळ कागद ठेवून घेते तिला तुम्ही सोडून जाल याची आत्तापासूनच धास्ती आहे, आणि त्या धास्तीला काहीतरी कारण असणार. 'पासपोर्टच्या कामाला लागतात' म्हणा, 'पीएचडी नोंदणीला लागतात' म्हणा, पण ठेवू नका. एकदा ती कपाटात गेली की दुसरीकडे मुलाखतीला जायचं तरी त्याच कपाटाच्या किल्लीवाल्याची परवानगी लागते.

पगाराचं असं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसर लेव्हल १० ला लागतो, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. सरकारी आणि अनुदानित ठिकाणी हे मिळतं. विनाअनुदानित कॉलेजात काय मिळतं ते तुमच्या ऑर्डरवर दिसतंच आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्या गावाकडच्या हजारो मुलामुलींना इंजिनिअर होता आलं हे खरंच. पण त्या दारातून विद्यार्थी आत आले तसे कमी पगाराचे मास्तरही आले, आणि त्यावर अजून कुणी धड बोललेलं नाही. राज्यात फी ठरवणारं प्राधिकरण फी ठरवताना शिक्षकांच्या पगाराचा खर्च धरतं, एवढं तरी नव्या माणसाला ठाऊक असावं. पगार पूर्ण बँकेत जमा करायचा आणि त्यातला काही रोखीनं परत मागायचा, असा प्रकार तुमच्यासमोर आला तर तो मान्य केल्याचा एकही कागद सही करून देऊ नका.

आता ऑर्डरमध्ये काय बघायचं. नेमणूक कुठल्या निवड समितीनं केली, त्यावर विद्यापीठाचा प्रतिनिधी होता का, आणि नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळणार आहे की नाही. हे अप्रूव्हल म्हणजे तुमच्या नोकरीचा जन्मदाखला. पुढं कुठंही अनुभव मोजायचा झाला की पहिल्यांदा तेच पत्र मागतात. तासिका तत्त्वावर असाल तर तसं स्पष्ट लिहून घ्या. सीएचबीचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा, माणूस रोज आठ तास थांबतो आणि पगार मात्र तासावर घेतो, हा व्यवहार कुठल्याच गणितात बसत नाही. अकरा महिने संपल्यावर मध्ये ब्रेक देऊन पुन्हा ऑर्डर काढतील. प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक रिलीव्हिंग, प्रत्येक पगाराची स्लिप एका फाइलमध्ये तारखेनं लावून ठेवा. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात शिक्षक येतात. २००९ च्या दुरुस्तीनं ते ३ एप्रिल १९९७ पासून आले आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. उद्या हिशेब सेवेच्या तारखांवरच होईल.

एवढं करून ऑर्डर घ्यायची की नाही? घरी दुसरी मिळकत नसेल तर घ्या, एक वर्ष शिकवा, शिकवता शिकवता दुसरीकडे अर्ज करा. आकडा लहान आहे म्हणून शिकवणं लहान करू नका, आणि शिकवणं चांगलं जमतंय म्हणून आकडा विसरूही नका.

प्रश्न : मेकॅनिकलला बारा वर्षं शिकवतोय. आमच्याकडे मेकॅनिकलच्या जागा कमी केल्या आणि एआय-डेटा सायन्सच्या वाढवल्या. मला म्हणाले, पुढच्या सेममध्ये पायथन घ्या. त्या विभागात यंदा तिघं नवे लागले, सगळे पंचविशीतले. मी त्यांच्यात नव्यासारखाच बसणार. नोकरी सोडावी का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नका सोडू. निदान रागात नका सोडू.

चांगल्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादा एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) २०२४-२५ पासून काढली, तेव्हाच हे दिसत होतं. कॉम्प्युटर आणि त्याच्या नव्यानव्या नावांच्या शाखा फुगल्या, मेकॅनिकल-सिव्हिल आटल्या. एका मास्तरामागं वीस विद्यार्थी हे प्रमाण पाळायचं, तर जिथं मुलं तिथं मास्तर सरकवणार. माझ्या उमेदीत उलटं होतं. मेकॅनिकलला रांग लागायची आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला माणूस मिळत नसे, तेव्हा एम.एस्सी. फिजिक्सवाल्यांनी किती वर्षं तो विषय ओढला. त्यातले काही इतके उत्तम शिकवायचे की आम्ही आमचा तास सोडून मागं जाऊन बसायचो.

पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग हा सगळ्या शाखांचा विषय आहे, तिथं तुम्ही खुशाल उभे राहा. तुम्हाला न्यूमरिकल मेथड्स येतात, मॅट्रिक्स येतात, एखाद्या बीमचं डिफ्लेक्शन किंवा फिनचं तापमान काढायला कोड लागतो हे येतं. त्या पंचविशीतल्या तिघांना यातलं काहीही येत नाही, त्यांना लायब्ररीचं फंक्शन कॉल करता येतं. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांवर, पायथनचे कोर्स फुकट आहेत. परीक्षेची फी भरून सर्टिफिकेट घ्या, फाइलला लागतं. पण वर्गात प्रत्येक प्रोग्राम तिथंच टाइप करा, आधीपासून चालणारा चिकटवू नका. एरर येईल, येऊ दे. मास्तर एरर कशी वाचतो हेच बघायला मुलं आलेली असतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे डीप लर्निंग-बिर्निंग दिले तर मात्र 'माझी पदवी या शाखेची नाही' असं लेखी द्या. एआयसीटीईच्या नियमात पदवी संबंधित शाखेची लागते. ते पत्र भांडायला नको, कपाटात असू दे.

आणि त्या तिघांशी मैत्री करा. एकाला व्हायवा कसा घ्यायचा ते शिकवा, दुसऱ्याकडून गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन) शिका. बारा वर्षं एंडसेमचे पेपर तपासलेला माणूस त्यांना हवाच असतो, विचारायची लाज वाटते एवढंच.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत पीएचडी, पोस्टडॉक करून आता तिकडच्याच एका विद्यापीठात इंजिनिअरिंगचा असिस्टंट प्रोफेसर झाला. आम्ही पेढे वाटले. मग तो म्हणाला, नोकरी अजून पक्की नाही, सहा वर्षांनी ठरेल. शिवाय पगार नऊच महिन्यांचा! उरलेले तीन महिने काय खाणार? रात्री कधीही फोन केला तर 'प्रपोजल लिहितोय' म्हणतो. त्याला फसवलं तर नाही ना? (डोंबिवली)

उत्तर : नाही हो. पेढे बरोबर वाटलेत.

तिकडे ही पद्धतच आहे. तो 'टेन्युअर ट्रॅक'वर लागलाय. साधारण सहाव्या वर्षी त्याचं सगळं काम तपासलं जातं. पेपर, विद्यार्थी, शिकवणं, आणलेला निधी. बाहेरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची मतंही मागवतात. पसंत पडला तर टेन्युअर, म्हणजे त्याला सहजासहजी कुणी काढू शकत नाही. नाही पडला तर बहुतेक ठिकाणी दुसरी नोकरी शोधायला एक वर्ष देतात. आपल्या प्रोबेशनसारखं वाटतं, पण आपल्याकडचं प्रोबेशन बऱ्याचदा न बघताच संपतं. तिकडे खरंच बघतात, हा फरक.

नऊ महिन्यांचं म्हणजे, करार शैक्षणिक वर्षापुरता असतो. उन्हाळ्यात तो संशोधनाच्या निधीतून स्वतःचा पगार काढू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी नऊ महिन्यांचा पगार बारा हप्त्यांत घेण्याची सोय असते. उपाशी राहणार नाही. विद्यापीठानं त्याला सुरुवातीला 'स्टार्टअप' म्हणून रक्कम दिली असेल, त्यातून लॅब उभी करायची, उपकरणं घ्यायची, पहिल्या एक-दोन पीएचडी विद्यार्थ्यांचा खर्च भागवायचा. ती रक्कम संपायच्या आत बाहेरून निधी आणायचा. म्हणून रात्री प्रपोजलं. त्यात एनएसएफचं, म्हणजे तिकडच्या सरकारी विज्ञान निधी संस्थेचं, 'करिअर' नावाचं एक अनुदान असतं, पाच वर्षांचं, खास नव्या असिस्टंट प्रोफेसरांसाठी. त्यासाठी एका माणसाला जास्तीत जास्त तीनदाच अर्ज करता येतो. तो त्याबद्दल बोलला तर 'मिळालं का?' असं दर आठवड्याला विचारू नका. निकाल यायला महिनोन्महिने लागतात.

तुम्ही न विचारलेलं एक सांगते. घरात बाळ येणार असेल तर टेन्युअरची मुदत एका वर्षानं पुढं ढकलण्याची सोय तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत आहे, बापालाही. सूनबाईंना सांगा, त्याला अर्ज करायला लावा. पुरुष लाजून करत नाहीत. आणि जायचं असेल तर मे-जूनमध्ये जा. सेमिस्टर चालू असताना गेलात तर तो तुम्हाला विमानतळावरून घरी आणून सोडेल आणि परत लॅबला जाईल.

प्रश्न : जॉइन होऊन महिना झाला. एचओडी म्हणतात, लगेच पीएचडीला नाव घाला, नॅकला (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेला) आकडा दाखवायचाय. माझ्याकडे चार प्रॅक्टिकल बॅचेस आणि एक थिअरी आहे, शिवाय जीएफएम (पालक-शिक्षक) म्हणून वीस मुलं. (कोल्हापूर)

उत्तर : नॅकचा आकडा तुमच्या नोंदणीनं वाढेल, तुमची झोप त्यानं कमी होईल. पहिलं वर्ष नाव घालू नका. इंजिनिअरिंगमध्ये असिस्टंट प्रोफेसर व्हायला बी.ई. आणि एम.ई., त्यातल्या एकात फर्स्ट क्लास, एवढं पुरतं. पीएचडी लागते ती असोसिएट प्रोफेसर व्हायला, आणि तिथं आठ वर्षांचा अनुभवही मागतात. म्हणजे घाई कुणालाच नाही, आकड्याला सोडून.

हे वर्ष गाइड शोधण्यात घालवा. शोधगंगावर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या साइटवर, जा, ज्यांच्याकडे नाव घालायचा विचार आहे त्यांच्या गेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा, आणि शेवटचं प्रकरण वाचा. मुखपृष्ठ आणि आभार सगळ्यांचे चांगले असतात. मग त्या विद्यार्थ्यांपैकी एकाला फोन करून 'सरांनी चॅप्टर किती दिवसांत वाचून दिला?' एवढंच विचारा. उत्तर द्यायच्या आधी तो किती वेळ थांबतो, त्यावरून कळेल.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. वर दोन वर्षं पुनर्नोंदणी करून मिळू शकतात, आणि बायकांना त्याहून आणखी दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपण-संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही धरलेली आहे. नोकरी करत पार्टटाइम करायची तर कॉलेजचं ना-हरकत पत्र आधी हातात घ्या. जे एचओडी आज 'घाला घाला' म्हणतात तेच सेमिस्टरच्या मध्यात कोर्सवर्कला सोडत नाहीत. 'प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे' ही अट त्या नियमांतून गेली आहे, विद्यापीठानं स्वतःची ठेवली असेल तर ती बघा. 'पैसे भरा, आठवड्यात छापू' असल्या ईमेली येऊ लागतील. त्या उघडूसुद्धा नका.

या वर्षी करायचंच असेल तर एआयसीटीईचं नव्या शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण उरका. आठ मॉड्यूल्स आहेत, ऑनलाइन आहे, नव्यांना सक्तीचं आहे. त्यातलं मूल्यमापनाचं मॉड्यूल पेपर काढायला उपयोगी पडेल. बाकीच्यांबद्दल मी मौन पाळते.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या धंद्यात पंचवीस वर्षं आहे. मुलानं धंदा सांभाळलाय. मला शिकवायचंय. एम.ई. नाही. कॉलेज घेईल का? (सांगली)

उत्तर : नेहमीच्या पदावर नाही. पण यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलंय, ते तुमच्यासारख्यांसाठीच. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची नेहमीची अट आड येत नाही. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच अशी माणसं घेता येतात आणि एका संस्थेत जास्तीत जास्त चार वर्षं. आधी एखाद्या कॉलेजात दोन-तीन व्याख्यानं देऊन बघा. आवडलं तर प्राचार्यांशी बोला. मानधन काय देतील ते आधी विचारा, तुम्ही व्यापारी आहात, तुम्हाला शिकवायला नको.

जाताना जळालेली एक कॉइल घेऊन जा, आणि ब्रीदरमधली (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली) ओल धरून गुलाबी पडलेली सिलिका जेल. कोरडी निळी बाटलीत, गुलाबी हातात. 'आमच्या काळी असं होतं' हे वाक्य तासाला एकदाच. ते वापरून झालं की उरलेला वेळ मुलांना त्या कॉइलवरून बोट फिरवू द्या आणि कुठल्या टर्नला पहिल्यांदा इन्सुलेशन गेलं असेल ते त्यांनाच शोधायला लावा.

प्रश्न : मी थर्ड इयरला आहे. आमचे नवे सर हुशार आहेत, पण पूर्ण तास फळ्याकडे तोंड करून बोलतात, अक्षर बारीक, आणि मागं काहीच ऐकू येत नाही. वर्गातल्या मुलांनी मास बंक ठरवलाय. मला ते पटत नाही, पण सरांना सांगायचं कसं? (अहिल्यानगर)

उत्तर : बंक करू नका. बंक झाला की प्रकरण एचओडींकडे जातं, आणि नव्या माणसाबद्दल त्यांना कळणारी पहिली गोष्ट हीच ठरते. तुम्ही चौघं-पाचजण पुढच्या तासाला पहिल्या बाकावर जाऊन बसा. सर फळ्याकडे वळले की 'सर, दुसरी स्टेप परत एकदा' म्हणा. त्यांना वळावं लागेल. पाच मिनिटांनी दुसऱ्यानं म्हणायचं. तास संपल्यावर त्यांच्या केबिनला एकट्यानं जा आणि सांगा, 'सर, तुमचं कळतं, पण मागं ऐकू येत नाही आणि अक्षर दिसत नाही.' पहिलं वाक्य खरं असेल तरच म्हणा. आणि ते लॅबला तुमच्या आधी येऊन प्रयोग करून बघतात का, ते मला कळवा.